वांगे, सरकी आणि पेंड : जनुकबदल केलेल्या अन्नाचा कायदा

जनुकबदल केलेल्या, म्हणजे बाजारात ज्यांस 'जीएम' म्हणतात त्या पिकांविषयी आपल्याकडे दोन मते मोठ्या हिरिरीने मांडली जातात. एका पक्षाच्या मते ही बियाणी म्हणजे शेतकऱ्याचा उद्धार. दुसऱ्याच्या मते ती केवळ विष. या वादात आज आम्हांस पडावयाचे नाही. खातेदार शेतकऱ्यापुढे त्याहून निकडीचा प्रश्न आहे. अशा पिकास परवानगी कोण देतो, ती कोण व कशाच्या आधारे नाकारतो, आणि परवानगी नसलेले बियाणे कोणी बांधावर आणून दिले व ते आपण पेरले, तर पुढील जोखीम कोणाच्या माथी बसते, हा तो प्रश्न होय. तो समजून घेण्यास वांग्याच्या उदाहरणासारखे दुसरे उदाहरण नाही. आपल्या देशात खाण्याच्या पिकांपैकी परवानगीच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन तेथे अडलेले पहिले पीक वांगेच आहे.

प्रथम कायदा पाहू. केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी घातक सूक्ष्मजीव व जनुकबदल केलेले जीव यांच्या उत्पादन, वापर, आयात-निर्यात व साठवणीसंबंधी नियम प्रसिद्ध केले. या नियमांचा जन्म पर्यावरणाच्या कायद्यातून झाला, शेतीच्या कायद्यातून नव्हे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील पुष्कळसा घोळ तीतूनच उद्भवला आहे. बियाणे शेतीचे, परंतु त्याचा निवाडा पर्यावरण खात्याकडे. नियमांप्रमाणे प्रयोग करणाऱ्या संस्थेत एक जैवसुरक्षा समिती असावी लागते. तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागातील समिती असते. आणि पीक मोकळ्या शेतात सोडावे की नाही याचा विचार दिल्लीची जनुकीय अभियांत्रिकी समिती करते. तिला आद्याक्षरांवरून 'जीईएसी' म्हणण्याचा प्रघात आहे. आवश्यक तेथे राज्यास एक आणि जिल्ह्यासही एक समिती असावी व जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असावेत, असेही नियमांत लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यात अशी समिती कधी बसली काय, याची चौकशी एखाद्या वाचकाने कचेरीत जाऊन अवश्य करावी.

आता वांग्याकडे वळू. शेंडे व फळे पोखरणारी अळी हा या पिकाचा मुख्य शत्रू. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते व मग तिला कोणताही फवारा लागत नाही. म्हणून बागाईतदार ती आत शिरण्यापूर्वीच गाठण्यासाठी थोड्याथोड्या दिवसांनी औषध मारीत राहतो, आणि पुष्कळदा फवाऱ्यानंतर लवकरच तोडा करून माल बाजारात पाठवितो. हे सांगण्यास संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे. जालन्याच्या महिको कंपनीने २००० च्या सुमारास वांग्यात एक जनुक घालण्याच्या कामास आरंभ केला. हे जनुक जमिनीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे असून 'बीटी' हे नाव त्यावरूनच पडले आहे. ते ज्या पिकात असते त्या पिकाच्या अंगात एक प्रथिन तयार होते. ते खाल्ले की अळीचे आतडे निकामी होऊन ती मरते. कपाशीत आधी घातलेले जनुक याच जातीचे होते.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. कंपनीने हे जनुक आपल्या संकरित वाणांत ठेवलेच. शिवाय धारवाड व कोइमतूर येथील कृषी विद्यापीठांनी ते सरळ वाणांतही आणले. धारवाडच्या वाणांत उडुपीकडील मट्टू गुळ्ळ होते, तसा आपल्या पुणे भागातील मांजरी गोटाही होता. संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते, सरळ वाणाचे बी शेतकऱ्यास घरी धरता येते. म्हणजे जनुक एकच असले तरी ते कोणत्या वाणात बसविले यावर शेतकऱ्याची परावलंबनाची मात्रा ठरते. स्थानिक वाण जैवविविधता कायद्याप्रमाणे अनुमती न घेता वापरले, असा आक्षेप पुढे आला आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०११ साली या प्रकरणी कारवाई करण्याचे ठरविले. मट्टू गुळ्ळ किंवा मांजरी गोटा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी निवडून राखला, त्यांची मालकी कोठे धरावयाची, हा प्रश्न त्यावेळी प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला.

जीईएसीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी बीटी वांग्यास संमती दिली. तथापि तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ती अखेरची न मानता २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. सुमारे ८,००० लोक या सभांस आले. शेतकरी, शास्त्रज्ञ, वैद्य, ग्राहक संघटनांचे व कंपन्यांचे प्रतिनिधी सर्वच बोलले, आणि काही ठिकाणी बोलण्यापेक्षा ओरडणेच अधिक झाले. अनेक राज्य सरकारांनी आपली हरकत वा शंका लेखी कळविली. अखेरीस ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्यास स्थगिती दिली. दीर्घकालीन परिणामांच्या दृष्टीने ते निर्धोक आहे असे स्वतंत्र अभ्यासातून सिद्ध होऊन लोकांचे व जाणकारांचे समाधान होईपर्यंत ही स्थगिती राहावी, असा तिचा आशय होता. वांग्याच्या विविधतेचे आपला देश हे एक माहेरघर असल्यामुळे येथे अधिक सावधगिरी हवी, हेही एक कारण देण्यात आले. त्याच वर्षी जीईएसीच्या नावातील 'मान्यता' हा शब्द जाऊन 'मूल्यमापन' हा शब्द आला. नावाचा हा बदल लहान दिसतो, परंतु निर्णय शास्त्रज्ञांच्या समितीचा की मंत्र्याचा, या वादाचा निकाल त्यात लागला आहे.

या स्थगितीचे एक अंग आम्हांस न्याय्य वाटते. सुरक्षिततेच्या तपासण्यांची बहुतेक माहिती बियाणे विकू इच्छिणाऱ्या पक्षानेच जमवून द्यावी आणि सरकारने तीवर निवाडा करावा, ही रीत सदोष आहे. आपण गाय विकत घेताना विकणाऱ्याच्याच तोंडून तिच्या दुधाचा हिशेब ऐकून पैसे मोजीत नाही. परंतु त्याच आदेशाचे दुसरे अंग तितकेच सदोष होते. कोणत्या तपासण्या उरल्या, त्या कोणी करावयाच्या, कोणाच्या खर्चाने, किती वर्षांत, यांचा निश्चित बंदोबस्त झाला नाही. दीड दशक उलटून गेले. ज्या शंका खऱ्या होत्या त्या फिटल्या नाहीत, ज्या खोट्या होत्या त्याही फिटल्या नाहीत. आणि बागाईतदाराचा फवारणीचा पंप मात्र पाठीवरून उतरला नाही.

शेजारच्या बांगलादेशाने हेच जनुक घातलेल्या चार वाणांस ३० ऑक्टोबर २०१३ रोजी परवानगी दिली, आणि २०१४ च्या जानेवारीत २० शेतकऱ्यांस त्यांची रोपे वाटली. ही रोपे तेथील सरकारी कृषी संशोधन संस्थेची असून वाण सरळ आहेत. पुढील पाहण्यांत तेथे औषधाचा खर्च कमी झाल्याचे आढळले. यावरून आपणही डोळे मिटून तसेच करावे, असे आम्ही म्हणत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, बियाणे सीमेवर थांबत नाही. २०१९ साली हरियाणाच्या फतेहाबाद जिल्ह्यात परवानगी नसलेले बीटी वांगे एका शेतात उभे सापडले, आणि तपासणीनंतर ते उपटून नष्ट करण्यात आले. तोटा अर्थातच शेतकऱ्याचा झाला.

खाण्याचे पीक असे अडले. परंतु जनुकबदल केलेल्या पिकांपासून निघालेले खाद्य अडले काय? कपाशीचे बीटी वाण २६ मार्च २००२ रोजी मंजूर झाले आणि आज देशातील बहुतेक कपाशी तीच आहे. तिच्या सरकीचे तेल आपण खातो, पेंड आपल्या गाईम्हशी खातात. परदेशातून येणारे सोयाबीनचे तेलही बव्हंशी अशाच पिकाचे असते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, हे तेलाच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पेंडीची गोष्ट निराळी. तिच्यात प्रथिनच मुख्य.

ऑगस्ट २०२१ मध्ये जे घडले ते विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांच्या स्मरणात असेल. त्या महिन्याच्या आरंभी काही बाजारपेठांत सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेला होता. कुक्कुटपालकांनी पेंड परवडत नसल्याची तक्रार केली, आणि केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. पुढे हंगाम सुरू होताच भाव पुष्कळ उतरला. नवा माल आल्यावर भाव उतरतोच, म्हणून सर्व दोष आयातीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु ऐन काढणीच्या तोंडावर ही बातमी फुटल्याने बाजाराची हवा पालटली, हे कोण नाकारील? येथील शेतकऱ्यास जनुकबदल केलेले सोयाबीन पेरण्यास मनाई, आणि परदेशी शेतकऱ्याने पेरलेल्या त्याच सोयाबीनची पेंड मात्र चालते, हे कसे? पर्यावरण खात्याचे उत्तर असे की, दळून तेल काढलेल्या पेंडीत जिवंत, उगवणारे असे काही नसते, यास्तव आपली हरकत नाही. १९८९ च्या नियमांची दृष्टी लक्षात घेता हे उत्तर सुसंगत आहे. ते नियम जिवंत वस्तू रानात पसरू नये म्हणून केलेले आहेत. खाणाऱ्याच्या आरोग्याचा विचार २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे आणि त्याची अंमलबजावणी अन्न प्राधिकरणाकडे आहे. या प्राधिकरणाने १ मार्च २०२१ पासून २४ खाद्यपिकांच्या आयात मालासोबत तो जनुकबदल केलेला नसल्याचा दाखला मागण्यास सुरुवात केली, आणि चुकून होणाऱ्या मिसळीस १ टक्क्याची मर्यादा घातली. एक खाते बी पाहते, दुसरे अन्न पाहते. शेतकऱ्याचा भाव पाहणारे खाते या मांडणीत कोठेच बसलेले नाही.

आता आपल्या बांधावर येऊ. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली. निंदणीस मजूर मिळत नाही व मिळाला तर परवडत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे, आणि उघडपणे कायदेभंग करून त्याची जबाबदारी घेणाऱ्यांविषयी आदरही वाटतो. परंतु गावोगाव रात्री विकल्या जाणाऱ्या पाकिटांची गोष्ट निराळी आहे. त्यांवर पावती नसते, आणि असली तरी तीवर भलत्याच वाणाचे नाव असते. उगवण झाली नाही, आत तणनाशक सहन करणारे जनुकच नसल्याने फवाऱ्यासरशी पीक जळाले, तर कोणत्या समितीपुढे अर्ज करणार? अनधिकृत बियाण्याचा तक्रारदार होण्यापूर्वी माणूस आरोपी होतो. पर्यावरण कायद्याच्या कलम १५ खाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला होता. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने तो काढून १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. तुरुंगाचे भय गेले, दंडाचे वाढले.

चोरट्या बियाण्याचे दुसरे नुकसान सावकाश होते व अधिक खोल जाते. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटीचे १२० ग्रॅम बी मिळत असे, ते कडेने पेरावयाचे होते. त्यावर पोसलेल्या, विषास न सरावलेल्या अळ्यांचे पतंग सरावलेल्या पतंगांशी संकर करीत राहावेत व अळीची प्रतिकारशक्ती लांबणीवर पडावी, हा त्यातील हेतू. पुष्कळांनी ते पाकीट बांधावर फेकून दिले. २०१० साली गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी तगल्याची कबुली मिळाली, आणि २०१७ साली तीच अळी दुसऱ्या पिढीच्या वाणांवर महाराष्ट्रात सर्वत्र दिसली. कायद्याने आलेल्या बियाण्याची ही गत. मग ज्या बियाण्यात जनुकाची मात्रा किती, आश्रयाचे बी कोठे, हे सांगणारा कोणीच नाही, त्याची गत काय होणार?

मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी दिलेला निकाल विभागून आला. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या या वाणास २०२२ मध्ये मिळालेली संमती न्या. नागरत्ना यांनी रद्द ठरविली, न्या. करोल यांनी ग्राह्य मानली. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. परंतु जनुकबदल केलेल्या पिकांचे राष्ट्रीय धोरण सरकारने आखावे, आणि त्यासाठी शेतकऱ्यांसह सर्व संबंधितांशी सल्लामसलत शक्यतो चार महिन्यांत करावी, यावर दोन्ही न्यायाधीशांचे एकमत झाले. त्यापूर्वीच, मार्च २०२२ मध्ये, परक्या जीवाचे जनुक न घालता केवळ पिकाच्या स्वतःच्या जनुकात फेरफार केलेल्या काही प्रकारच्या वाणांस सरकारने जुन्या नियमांतील कित्येक कलमांतून सूट दिली होती, आणि मे २०२५ मध्ये अशी भाताची दोन वाणे जाहीर झाली. म्हणजे नवी वाट आखली जात आहे.

कृषिसंस्थांनी धोरणाच्या कामी आपले म्हणणे लेखी पाठवावे. नव्या वाणाची तपासणी विकणाऱ्याच्या खर्चाने, परंतु कृषी विद्यापीठांच्या हातून व्हावी. निर्णयास मुदत असावी. वाण सरळ की संकरित, आश्रयाचे बी किती व कोठे पेरावयाचे, आणि पीक फसल्यास भरपाई कोणाकडून मागावयाची, या गोष्टी पाकिटावर मराठीत, चष्म्यावाचून वाचता येतील अशा अक्षरांत छापाव्यात.