हिरवे आठवडे

कॅथोलिक उपासना वर्ष जानेवारीत नव्हे, तर नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. आगमनकाळाचा आणि उपवासकाळाचा रंग जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानकाळाचा पांढरा, पेन्टेकॉस्टचा लाल. उरलेले 33 किंवा 34 आठवडे सामान्यकाळाचे. त्यांचा रंग हिरवा. मोठा सण नाही, उपवास नाही, म्हणून आपण ते नुसते ढकलतो. श्रद्धेची परीक्षा मात्र तिथेच असते.

मुंबई-वसई भागातले मराठी बोलणारे ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. तो सण याच हिरव्या काळात येतो. पेरणी, निंदणी, कापणी, सगळं देवापुढे ठेवायचं.

मित्रांनो, आपल्या बुऱ्हाणपूरकडे शेत केळीचं, कापसाचं. आपलं काम अभ्यासाचं. तेही उपासनेतच मोडतं.