उष्णता नव्हती ती

सावंतवाडी,
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्या रागावली की तिच्या पत्रात 'तू' आणि 'मी' येत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा पुढचा मजकूर कोणत्या आवाजात वाचायचा, ते चिरंजीवांना कळलं असेलच. फोन करता आला असता. पण फोनवर आत्याचा आवाज चढतो, आणि आवाज चढला की चिरंजीवांना नेमकी मीटिंग आठवते. म्हणून शेजारचा मुलगा उद्या पहाटेच्या गाडीने पुण्याला निघालाय, त्याच्या हाती आंब्याच्या पेटीबरोबर हे पत्र.

काल रात्री वहिनींचा फोन आला. ब्रूनोच्या अंगावर गोचिडींचा बुजबुजाट झालाय, हे त्यांनी आधी सांगितलं. मग चिरंजीवांचे पराक्रम. कुणा मित्राच्या मित्राकडून गोठ्यात फवारायचं औषध आणलं, बाटलीवरचं काही न वाचता बादलीत ओतलं आणि कुत्र्याला त्यात अंघोळ घातली. तेवढ्याने भागेना म्हणून कानात रॉकेलचा बोळा फिरवला. दोन दिवस ब्रूनो जेवलेला नाही. आणि फोन ठेवता ठेवता, मिठाचा भाव सांगावा तशा सुरात, वहिनी म्हणाल्या, "सकाळी नाकातून जरासं रक्त आलं होतं. उन्हाळा आहे ना, उष्णता झाली असेल."

त्या एका वाक्याने आत्याची झोप गेली.

रात्री साडेदहाला तिने चिरंजीवांना फोन लावला आणि एवढंच विचारलं, रक्त तपासलं का? उत्तर आलं, "बघतो." हे 'बघतो' आत्याच्या चांगल्या ओळखीचं आहे. त्याविषयी शेवटी लिहायचं आहे, आधी कामाचं.

गोचीड हा किडा नव्हे. सहावीच्या वर्गात आत्या हे तीस वर्षं सांगत आली, आणि घरातल्याच पोराला ते ठाऊक नाही! गोचीड कोळ्याच्या नात्यातली, मोठी झाली की आठ पायांची. अंड्यातून निघते तेव्हा मात्र सहाच पाय असतात. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली उतरते. शेवटी फुगलेली मादी दिसते एरंडाच्या बीसारखी. लॅटिनमध्ये गोचीड आणि एरंड दोघांना एकच शब्द आहे, रिसिनस. एकदा पाहिलं की तो शब्द कसा आला ते पटतं. ती मादी भिंतीवर चढून एखादी फट शोधते, तिथे दोन-चार हजार अंडी घालते आणि मरते.

म्हणजे चिरंजीव ज्या गोचिडी मोजत बसलेत त्या सैन्याची फक्त आघाडी आहे. बाकीचं सैन्य घरात आहे. ब्रूनोच्या गादीखाली, फरशीच्या पट्टीमागे, सोफ्याच्या शिवणीत, आजोबांच्या तसबिरीच्या पाठीमागे आणि पार्किंगमधल्या वॉचमनच्या केबिनमध्ये. खायला न मिळता महिनोन्महिने टिकणारं सैन्य आहे ते. कुत्र्याला एकदा अंघोळ घालून ते हटत नाही.

गोठ्यातल्या औषधाबद्दल रागवावं तितकं थोडं. त्या बाटल्यांमध्ये बहुधा अमित्राझ नाही तर डेल्टामेथ्रिन असतं. गुरांसाठी पाण्यात किती थेंब घालायचे, याचं मोजमाप असतं. अंदाजाने ओतायचं ते सरबत नव्हे. अमित्राझ चाटून पोटात गेलं तर कुत्रं पेंगतं, ठोके मंदावतात. ब्रूनो जेवत नाही तो गोचीडतापाने की या अंघोळीने, हे आता डॉक्टरांनाही विचार करून ओळखावं लागेल. त्यामुळे लपवाछपवी न करता बाटलीच सोबत न्यावी. घरात मनीही आहे, हे चिरंजीव विसरले. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. त्याने मांजर झटके येऊन मरतं. औषध लावलेल्या ब्रूनोला मनी बिलगून झोपली तरी धोका असतो. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलेलं फुप्फुसात उतरतं. आपल्या गावाकडचं तंबाखूचं पाणी म्हणजे तर सरळ निकोटिनचं विष. लसूण खाऊ घालायचा सल्लाही कुणीतरी देईलच. लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि रक्त तपासलं का?

गोचीड काढायची रीत सोपी आहे, घाई तेवढी नको. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, वहिनींचा भुवयांचा चालेल, मग त्यांना नवा आणून द्यावा. कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरावं आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढावं. पोट धरून दाबलं तर आतला ऐवज जखमेत उतरतो. अगरबत्तीचा चटका, तेल, नेलपॉलिश यातलं काही नको. डिवचलेली गोचीड आणखी लाळ सोडू शकते आणि रोग त्या लाळेतच असतो. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. नखाने चिरडू नये, कारण याच गोचिडीमुळे माणसालाही एक तऱ्हेचा टायफस होतो. शोधायचं कुठे? कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. फिरून आल्यावर रोज.

वहिनींना सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं की कुत्र्याच्या गोचिडीने माकडताप होतो, म्हणून ब्रूनोला बाहेर काढा. असं सांगणाऱ्यांना आत्याकडे पाठवावं. माकडताप पहिल्यांदा सापडला १९५७ साली, कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात. २०१६ मध्ये तो आमच्या दोडामार्गात आला, त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात सत्तरीत. काजूच्या बागेत जायला माणसं कशी कचरत होती, ते आम्ही पाहिलंय. पण तो पसरवणारी गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची. पुण्याच्या फ्लॅटमधल्या ब्रूनोचा त्याच्याशी संबंध नाही. एवढं सांगूनही सोसायटीवाले ऐकणार नाहीत, ते सोडून द्या.

ब्रूनोला खरी भीती दोन तापांची. एक एर्लिकियाचा, दुसरा बबेसियाचा. बबेसियाची एक जात तर १९१० साली आपल्या देशातच, मद्रासेत, शिकारी कुत्र्यांच्या रक्तात सापडली. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो; हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत दडतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरतात. निरोगी कुत्र्याच्या त्या दोन ते पाच लाख असतात. त्या फार खाली गेल्या की पोटावर लाल ठिपके उठतात आणि नाकातून रक्त येतं. उन्हाने नव्हे.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या लष्कराने जर्मन शेफर्ड नेले होते. साठचं दशक संपता संपता त्यांतले शंभराहून जास्त कुत्रे याच रोगाने गेले. पहारा देणारी, हाडापेराने भक्कम जनावरं आणि नाकातून रक्त गळून मेली. शत्रूची गोळी नाही, गोचीड!

यातला डाव चिरंजीवांनी नीट समजून घ्यावा. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. म्हणजे आज अंगावर एकही गोचीड नसली तरी रोग रक्तात असू शकतो. कधी तो ताप आपोआप उतरतो, कुत्रं पुन्हा जेवू लागतं, घरातले म्हणतात, बघा, झालं बरं. जंतू मात्र आत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं बसून राहतो आणि परत उठतो तेव्हा हाडांतला मगज थकलेला असतो. त्या वेळी औषधाचाही फारसा उपयोग होत नाही. आज ब्रूनो उठून शेपूट हलवायला लागला म्हणून चिरंजीव 'बघतो' वरून 'कशाला' वर येतील, ही आत्याची खरी धास्ती आहे.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे, पोटात अन्न असताना. दोन-तीन दिवसांतच कुत्रं ताजंतवानं दिसतं आणि नेमकी तिथेच माणसं गोळ्या बंद करतात. बंद करायच्या नाहीत. बबेसियाचं औषध निराळं, म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करण्याआधी रक्त पाहायचं. काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असंही नसतं. डॉक्टर दुसरी चाचणी सांगतील, तिच्या पैशांचा विचार करू नये, आत्याचं पेन्शन आहे. आणि घरातली माणसांची तापाची, अंगदुखीची गोळी ब्रूनोला अजिबात द्यायची नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढतो.

पुढे गोचिडी होऊ नयेत म्हणून हल्ली महिन्याची, बारा आठवड्यांची गोळी मिळते, मानेवर सोडायचे थेंब मिळतात, पट्टे मिळतात. जे डॉक्टर सांगतील ते, ब्रूनोचं वजन करून. थेंब सोडायचे तर मागचे-पुढचे दोन दिवस अंघोळ नको. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आठवणीने सांगायची. ब्रूनो चार महिन्यांचा असताना त्याला फिट आली होती, भाऊ त्याला रिक्षात मांडीवर घेऊन धावला होता. या नव्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिलाय. गोळ्या वाईट नाहीत, पण डॉक्टरांना ही फिट कशी माहीत असणार?

घराचं काम वहिनींवर ढकलू नये. गादीचं कव्हर उकळत्या पाण्यात, गादी कडक उन्हात. फटींत व्हॅक्यूम फिरवून त्याची पिशवी लगेच घराबाहेर. भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवायच्या. फवारणी करायची तर जाणत्या माणसाकडून, ब्रूनोला आणि मनीला बाहेर ठेवून, आणि काही आठवड्यांनी पुन्हा, कारण अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. पार्किंगमधल्या दोन भटक्यांनाही औषध द्या. सोसायटीत वर्गणी काढा म्हटलं तर भांडण होईल, त्यापेक्षा आत्याने पेटीत आंब्यांखाली पाकीट ठेवलंय.

आता मोत्याचं.

मोत्या उष्णतेने गेला, असं चिरंजीव लहानपणापासून ऐकत आलेत. दादांनी त्याला फणसाखाली पुरलं, त्यावर तुळस लावली, हेही ऐकलंय. १९७९ सालचा वैशाख होता. आत्या सोळा वर्षांची. मोत्याच्या गोचिडी ती पडवीत बसून काढायची आणि दगडाने ठेचायची, त्यात तिला मोठी मजा वाटे. एका गुरुवारी सकाळी पडवीत रक्ताचे थेंब दिसले. मोत्याचं नाक लाल होतं. शनिवारी वेंगुर्ल्याला मावशीकडचं लग्न होतं, आत्यासाठी नवं परकर-पोलकं शिवून आलं होतं. दादांना कळलं असतं तर त्यांनी मोत्याला उचलून एसटीत घातलं असतं, गुरांच्या दवाखान्यात नेलं असतं आणि लग्न राहिलं असतं. आत्याने शेणाचा हात फिरवून पडवी सारवली. मोत्याला कांदा हुंगवला, डोक्यावर गार पाणी थापलं. आजीने विचारलं, कुत्रं का गं पडून आहे, तेव्हा आत्या म्हणाली, "ऊन आहे. बघू."

सोमवारी लग्नाहून परत आले तेव्हा मोत्या खळ्यात होता, उठला नाही, फक्त शेपटी एकदा हलली. मंगळवारी गेला. पुढे बीएस्सीला परजीवींचा धडा आला तेव्हा आत्याला समजलं की ती उष्णता नव्हती, आणि या तापाचं औषध तेव्हाही माहीत होतं. दादांना हे कधी सांगितलं नाही. सांगायचं सांगायचं म्हणत तेही गेले. घरात हे प्रथम कळतंय ते चिरंजीवांना, आणि त्यांनी ते वहिनींना सांगितलं तरी चालेल.

चिरंजीवांवर एवढं तोंडसुख घ्यायला नको होतं, हे आता लिहिताना वाटतंय. रॉकेलचा बोळा त्यांनी काही दुष्टपणे नाही फिरवला. रात्री दोन वाजेपर्यंत टॉर्च धरून एकेक गोचीड काढत होता, असंही वहिनी म्हणाल्या होत्या. आत्याने वर ते लिहिलं नाही, राग जास्त होता. सोळाव्या वर्षी आत्याने जेवढी माया केली नाही तेवढी बाळ आज करतोय. पाठवलेल्या फोटोत ब्रूनो त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपलाय, तो फोटो आत्याने तीनदा मोठा करून पाहिला. हिरड्या पांढऱ्या दिसतात का ते बघायला, आणि नुसतंच बघायलाही.

आंबे अजून दोन दिवस गवतातच राहू द्यावेत, एक बाजू हिरवी आहे. ब्रूनोला कोय मिळता कामा नये, ती आतड्यात अडकते. मीटिंग बाळाने पुढे ढकलावी, दवाखाना उघडताच रक्त द्यावं आणि रिपोर्ट हातात पडला की रात्रीचे कितीही वाजलेले असोत, फोन करावा. आत्या जागी आहे.

बाळाची
आत्या