कडक पोलादही गंजते : 'धातुविज्ञान' शिकवताना झालेली माझी चूक



दहावीच्या 'धातुविज्ञान' या पाठात क्षरण येते. मागच्या पावसाळ्यात तो शिकवताना मी सहज बोलून गेलो, "पोलाद कडक केलं की गंजाची भीती नाही." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या विळ्याला लोहाराने पाणी दिलंय, तरी गंजलाय!" आमचा मावळ भाताचा, विळा घरोघरी. दुसऱ्या दिवशी तो विळाच वर्गात आला. मग काय, धडा पुन्हा शिकवला.

'पाणी देणे' म्हणजे पोलाद लालभडक तापवून झटकन पाण्यात बुडवणे. त्याने आतली रचना बदलते आणि कार्बन तिच्यात अडकून पडतो. धातू कडक होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून नंतर थोडी आच देऊन तो ठिसूळपणा कमी करतात. या सगळ्यात लोखंड मात्र लोखंडच राहते. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की ते गंजणारच, आणि लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो!

गिअरचे दात झिजू नयेत म्हणून कडक हवेत, पण अख्खा गिअर कडक केला तर धक्क्याने लोणावळ्याच्या चिक्कीसारखा तुटेल. म्हणून कमी कार्बनच्या पोलादाला सुमारे ९२५ अंश सेल्सिअसला काही तास बाहेरून कार्बन पाजतात आणि मग तेलात बुडवतात. साधारण १ मिलिमीटरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. यालाच केस हार्डनिंग म्हणतात. तळेगाव-चाकणला कामाला जाणाऱ्या पालकांपैकी कुणी हे रोज पाहत असेल, तर त्यांना वर्गात जरूर बोलवा.

आता गंजाचे काय? पत्र्याला जस्त देतात. थोडा ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. मग गिअरलाही वितळलेल्या जस्तात बुडवू या का? इथे मुलं हमखास 'हो' म्हणतात. पण ते जस्त सुमारे ४५० अंशांचे असते, तेवढ्या उष्णतेने कमावलेला कडकपणा उतरतो. विजेने मुलामा दिला तर हायड्रोजन आत शिरून कडक बोल्ट अचानक तुटू शकतो, म्हणून मुलाम्यानंतर तो भट्टीत काही तास शेकावा लागतो. गिअरबॉक्समधला गिअर तेलातच राहतो, त्याला निराळा लेप लागत नाही.

नायट्रायडिंगमध्ये मात्र सुमारे ५०० ते ५५० अंशांना अमोनिया वायूतून नायट्रोजन दिला जातो. त्याने कडकपणा येतो आणि गंजही काहीसा रोखला जातो. म्हणजे मी अगदीच शंभर टक्के चुकलो नव्हतो, एवढेच समाधान!

घरी करून पाहायला सोपा प्रयोग : जुन्या कानशीचे एक टोक खोबरेल तेलाने पुसा, दुसरे तसेच ठेवा आणि ती ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवा. कानस तर कडकच असते. कोणते टोक तांबूस झाले ते मुलांनाच वहीत लिहू द्या. त्या मुलाच्या आजी कापणी झाली की विळ्यावरून तेलाचं बोट फिरवतात, गेल्या वर्षी तेवढं राहून गेलं होतं.