दमेकऱ्याला घरी पाठवणारं यंत्र

प्रश्न : माझी नात पुण्यात कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करते. तिला युरोपात 'मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्ता' या विषयाच्या समर स्कूलला जायचं आहे. आमच्या वेळी उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर पोहायला शिकत आणि पाढे पाठ करत. पंचविशी उलटलेल्या मुलीला सुट्टीत शाळा कशाला? आणि बुद्धिमत्ता मानवकेंद्री म्हणजे काय? आजवरची काय म्हैसकेंद्री होती?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, मिरज

उत्तर : सर, म्हैसकेंद्री नव्हती, अचूकताकेंद्री होती. गोम तिथेच आहे. आधी एक जुनी हकीकत सांगतो, मग शाळेकडे वळू.

१९९०च्या दशकात अमेरिकेतले काही संशोधक एका प्रश्नामागे लागले होते. न्यूमोनियाचा रुग्ण दारात आला, तर त्याला भरती करायचं की औषधं देऊन घरी पाठवायचं? जुन्या रुग्णांच्या नोंदी यंत्राला दिल्या आणि कुणाच्या जिवाला किती धोका, ते ओळखायला शिकवलं. चाचणीत 'न्यूरल नेटवर्क' नावाची पद्धत सगळ्यांत अचूक ठरली. त्याच नोंदींवर आणखी एक पद्धतही चालवून पाहिली होती. ती काय शिकली ते नियमांच्या रूपात लिहून दाखवायची. तिच्या यादीत एक नियम असा निघाला : रुग्णाला दमा असेल, तर न्यूमोनियानं दगावण्याचा धोका कमी.

वॉर्डातल्या कुठल्याही नर्सनं कपाळाला हात लावला असता. पण गंमत अशी, की नोंदींत खरोखरच तसं होतं. दमेकरी न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर सावध होत, त्याला थेट आयसीयूत हलवत, डोळ्यांत तेल घालून जपत. म्हणून तो वाचायचा. यंत्राला ही धावपळ दिसली नाही, नुसती वाचलेली माणसं दिसली. त्याच हिशेबानं उद्या त्यानं दमेकऱ्याच्या कागदावर 'धोका कमी' असा शेरा मारला असता, आणि तो बिचारा औषधाची पुडी घेऊन घरी गेला असता.

न्यूरल नेटवर्क रुग्णांवर वापरायचं नाही, असं ठरलं. कारण एकट्या दम्याचं नव्हतं. ती चूक सापडली होती, दुरुस्तही झाली असती. भीती होती न सापडलेल्या चुकांची. नियमवाल्या पद्धतीनं आपली वही उघडून दाखवली. न्यूरल नेटवर्कच्या पोटात आणखी काय काय असेल, ते कुणालाच दिसत नव्हतं. या कामातले संशोधक रिच कारुआना यांनी पुढे २०१५ साली सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध लिहिला. डॉक्टरला वाचता येईल आणि चुकलेला भाग हातानं दुरुस्त करता येईल असं मॉडेल बांधता येतं, आणि त्यासाठी अचूकतेवर फारसं पाणी सोडावं लागत नाही, हे त्यात करून दाखवलं.

मानवकेंद्री म्हणतात ते हे. गणिताच्या पेपरात तुम्ही नुसत्या उत्तराला पूर्ण मार्क देत नसाल, रीत मागत असाल. इथे रीत तर मागतातच, वर आणखी विचारतात : हे उत्तर कुणाच्या हातात पडणार, त्याला ते कळेल का, पटलं नाही तर अडवता येईल का, आणि चुकलं तर भोगणार कोण?

आता शाळा. युरोपातल्या एआय संस्थांचा 'युरएआय' नावाचा एक महासंघ आहे. त्याच्या छत्राखाली १९८५पासून 'अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स ऑन एआय' भरतो. जाणकार त्याला 'अकाई' म्हणतात. अठरावा अकाई २०२१ साली युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या एका प्रकल्पानं घेतला आणि विषय ठेवला हाच, मानवकेंद्री एआय. ठिकाण बर्लिन, तारखा ११ ते १५ ऑक्टोबर. ऑक्टोबरात समर स्कूल! आपल्याकडे निदान ऑक्टोबर हीट तरी असते. तिथली व्याख्यानं २०२३ साली स्प्रिंगरनं जाडजूड पुस्तकात छापली.

त्या पुस्तकाची अनुक्रमणिका चाळताना मी एका प्रकरणापाशी थबकलो. विषय विज्ञानकथा लेखनाचा, लेखिका कार्मे टोरास. या बाई बार्सिलोनात रोबॉट बनवतात, आणि कातालान भाषेत कादंबऱ्याही लिहितात. उद्याच्या यंत्राबरोबर राहणारा माणूस कसा होईल, हे समीकरणात मावत नाही, गोष्टीत मावतं. म्हणून संशोधकांच्या शाळेत गोष्टीचा तास. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं गोष्ट धाडली होती आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. पण आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विज्ञानकथेचा तास कुणी ठेवलाय, असं माझ्या तरी कानावर नाही. अशा समर स्कूलमध्ये प्रोग्रामिंगवाल्यांच्या बाकावर मानसशास्त्राचे आणि कायद्याचे लोक बसतात. कायदा कशाला, म्हणाल. तर १ ऑगस्ट २०२४ला अमलात आलेल्या युरोपच्या एआय कायद्यानं जोखमीच्या कामातल्या यंत्रणांवर माणसाची देखरेख सक्तीची केली आहे. ती तरतूद टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहे, पण देखरेख म्हणजे नेमकं काय, हे कुणाला तरी शिकावं लागणारच.

सुट्टीत शाळा कशाला, हा तुमचा पहिला प्रश्न राहिला. सर, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा शब्दच सुट्टीच्या बेतातून आला. जॉन मॅकार्थी आणि तिघा सहकाऱ्यांनी १९५५ साली रॉकफेलर फाउंडेशनकडे अर्ज केला : दहा माणसं, दोन महिने, १३,५०० डॉलर. अर्जाच्या मथळ्यातच हा शब्द होता. पैसे मागितले त्याहून कमी मिळाले, पण १९५६च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात मंडळी जमली. तेव्हा कोडं होतं यंत्राला बुद्धी देता येईल का याचं. त्या यंत्राशेजारी उभ्या असलेल्या नर्सचा विचार सत्तर वर्षांनंतर आपण करतोय.

तो विचार राहिला की काय होतं, ते बघायला घरबसल्या एक प्रयोग करा. मोबाइलवरच्या भाषांतराला 'आय अ‍ॅम टायर्ड' हे वाक्य द्या. बहुतेक वेळा उत्तर येईल, 'मी थकलो आहे'. इंग्रजीत बाई थकली की बुवा, ते कळत नाही. मराठीत ठरवावंच लागतं, आणि यंत्र न विचारता बुवा ठरवून टाकतं. तुमच्या नातीला हे वाक्य रोज हातानं दुरुस्त करावं लागत असणार. 'थकलो की थकले?' एवढं यंत्रानं विचारलं असतं तरी पुरे होतं.

तर, तिला जाऊ द्या. पाच दिवसांत कुणी पंडित होत नाही, आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळते असंही नाही. 'मानवकेंद्री' ही पाटी हल्ली कुणीही लावतं, तेव्हा फी भरण्याआधी शिकवणाऱ्यांची नावं बघायला सांगा. सगळे एकाच विषयाचे निघाले तर नाद सोडावा. अकाईसारखा कोर्स मुख्यतः पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीच असतो, त्यामुळे वयाची काळजी नको. आणि प्रवेश मिळाला तर व्हिसाकडे लगेच बघा. शेंगेन या युरोपीय व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो.