जायबंदी खेळाडू अपयशी ठरतो का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असल्यामुळे मीही तिथला फुटबॉल पाहू लागलो. ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूने निराशा केली की चाहते त्याला ‘बस्ट’ म्हणतात. दुखापतीने ज्याची कारकीर्द कोमेजली, त्यालाही हा शिक्का मारणे योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न दडले आहेत. संघाची निवड फसली का, हा एक. आणि खेळाडू कमी पडला का, हा दुसरा. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो, म्हणून हा वाद मिटत नाही.

एनएफएल या तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे 32 संघ ड्राफ्टच्या 7 फेऱ्यांत कॉलेजमधले खेळाडू निवडतात. आयपीएलसारखी बोली नसते, पाळी असते; आणि आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली. साहजिकच पहिल्या खेळाडूवर साऱ्या गावाची आशा असते. ती फळली नाही की राग त्याच्यावरच निघतो.

की-जाना कार्टरचे उदाहरण घ्या. 1995 मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने आपल्या दोन पाळ्या देऊन पहिली पाळी मिळवली आणि त्याला घेतले. आदल्या वर्षी पेन स्टेट विद्यापीठाकडून तो 1,539 यार्ड धावला होता. पण मोसमपूर्व पहिल्याच सामन्यात, तिसऱ्यांदा चेंडू घेऊन धावताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. सबंध मोसम गेला. पुढे खांदा, मनगट, पुन्हा गुडघा. तरी तो 2004 पर्यंत खेळत राहिला. एनएफएलमधल्या साऱ्या वर्षांत मिळून त्याच्या धावा भरल्या 1,144 यार्ड. कॉलेजच्या त्या एका मोसमापेक्षाही कमी.

याउलट जमार्कस रसेल. 2007 मध्ये ओकलंड रेडर्सने त्यालाही पहिला निवडला. त्याला संधी भरपूर मिळाली. सुरुवातीपासून खेळलेल्या 25 सामन्यांत विजय मात्र 7. 2010 मध्ये संघाने त्याला सोडून दिले. हे मैदानावरचे अपयश आहे.

दुखापत आधीच ठाऊक असेल, तर जोखीम निवडणाऱ्याची. जेलन स्मिथचा गुडघा 1 जानेवारी 2016 रोजी, कॉलेजच्या अखेरच्या सामन्यात मोडला. मज्जातंतूलाही इजा झाली. तरीही डॅलस काउबॉइजने त्याला 34 व्या क्रमांकावर घेतले. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्याच संघाचे होते. पहिले वर्ष तो बाहेर बसला आणि 2019 मध्ये प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यापर्यंत पोहोचला. पहिल्या वर्षीच शिक्का मारणारे किती चुकले असते!

तेव्हा बेंगल्सच्या वहीत कार्टरची निवड तोट्यातच लिहावी लागेल. पण तो तोटा संघाचा. ज्याला आपला खेळ दाखवण्याआधीच गुडघ्याने दगा दिला आणि जो तरीही नऊ वर्षांनंतर मैदानात होता, त्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे आहे. पुढच्या वेळी मुलाशी वाद रंगला, तर आधी एवढेच विचारा : हा खेळाडू खेळून हरला, की त्याला खेळताच आले नाही?