एकट्याने राजमाची : खर्च किती, जोखीम किती

एकट्याने ट्रेक केला की पैसे वाचतात, हा समज डोंगर उतरून गावात आल्यावर, टमटमवाल्यासमोर फुटतो.

राजमाचीचंच घ्या. पुण्याहून पहाटेच्या लोकलने लोणावळा. तिथून तुंगार्लीवरून किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण १६ किलोमीटरची रुंद, बेताच्या चढउताराची वाट. श्रीवर्धन बालेकिल्ला पाहायचा, जेवायचं आणि कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्याला उतरून कर्जत गाठायचं. हिशेब अंदाजाचा आहे, मोसमाप्रमाणे हलेल : लोकल २० रुपयांच्या आत, चहा-नाश्ता ८०, उधेवाडीतलं जेवण २००, परतीचं जनरलचं तिकीट १०० च्या आत. राहिली कोंदिवड्याची टमटम. चौघं असाल तर माणशी शंभर, एकटे असाल तर चारशेचे चारशे तुमचेच. बेरीज ८०० च्या आसपास जाते. एखाद्या ट्रेकिंग संस्थेबरोबर हजार-बाराशेत हाच दिवस होतो. म्हणजे वाचले दोनशे ते चारशे.

ते मी उतरणीवर घालतो. लोणावळ्याकडची वाट सहसा चुकत नाही. पण कोंढाण्याच्या रानात उतरताना ढोरवाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट आणि गुरांची वाट सारखीच दिसते. एकदा अशाच वाटेने मी दीड तास खाली गेलो आणि कातळाच्या कडेला येऊन थांबलो. तेवढंच परत वर चढताना पाणी संपलं. सोबत कुणी असतं तर दहाव्या मिनिटाला ‘अरे, ही वाट नव्हे’ म्हणालं असतं. पहिल्या खेपेला गावातला वाटाड्या निम्म्या उतारापर्यंत घ्या. चारशे-पाचशेत कुणी ना कुणी तयार होतो. नाहीतर आल्या वाटेने लोणावळ्याला परता. त्यात कमीपणा नाही, फक्त पाय बोलतात.

सामानाचा खर्च एकदाच : चांगल्या पकडीचे बूट दीड ते तीन हजार, हेडटॉर्च पाचशेच्या पुढे, पॉवरबँक हजारभर, शिट्टी पन्नास. क्रेप बँडेज आणि ओआरएस घरात असतंच. पाणी तीन लिटर, म्हणजे पाठीवर तीन किलो, आणि ते वाटून घ्यायला कुणी नाही. परदेशी व्हिडिओ पाहून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवू नका. महागडं तर आहेच, शिवाय परवानगीशिवाय ते वापरणं भारतात बेकायदा आहे.

विम्याचं थोडक्यात : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. त्याहून मोठी खासगी पॉलिसी असेल तर साहसी खेळ वगळले आहेत का, ते बारीक अक्षरात वाचा.

पाय मुरगळला तर? ११२ लावायला रेंज हवी, आणि घळीत ती नसते. १०८ ची रुग्णवाहिका फुकट, पण ती डांबरी रस्ता संपतो तिथवरच. पुढे झोळी करून गावकरी किंवा स्वयंसेवी बचाव पथकं आणतात. ते पैसे मागत नाहीत, पण पोचायला तास लागतात, तेही तुम्ही कुठे आहात हे कुणाला ठाऊक असेल तर. साप चावला तर फडकं आवळू नका, कापू नका. सरकारी रुग्णालय गाठा, तिथे प्रतिविष मोफत मिळतं.

मग एकटं का जायचं? हिवाळ्यातल्या आडवारी माचीवर वारा सोडला तर काही ऐकू येत नाही, आणि कुणासाठी थांबावं लागत नाही म्हणून माणूस हवा तिथे थांबतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हे विसरा. तिथे एकटं राहायचं म्हटलं तरी जमत नाही.

आणि निघायच्या आदल्या दिवशी उधेवाडीत फोन करून जेवण सांगून ठेवा : ‘मावशी, उद्या बाराला एक ताट, एकटाच येतोय.’ घरच्यांना वाट आणि परतीची वेळ सांगालच. पण दोन वाजेपर्यंत ताट तसंच राहिलं, तर पहिली चौकशी त्या मावशीच करतील.