कूलर हवा गार कशी करतो?



उन्हाळा आला की आपल्या नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात घरोघरी कूलर निघतो. मुलांना विचारा, त्यात गारवा कुठून येतो? उघडून दाखवा: पंखा, छोटा पंप, ओले पॅड आणि पाणी. बस, एवढंच.

बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या पॅडमधून जाते तेव्हा थोड्या पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. ती त्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. बाहेरून उष्णता आत आली नाही की बाहेर गेली नाही. ती वाफेत लपली. म्हणून याला ॲडियाबॅटिक कूलिंग म्हणतात. दहावीच्या पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच!

आता महत्त्वाचं. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ती जास्तीत जास्त 23 अंशांच्या आसपास उतरू शकते. मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के असेल, तर 28 अंशांच्या खाली नाहीच. आपला बराचसा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणून इथे कूलर चालतो. पण जुलैत भंडारदऱ्याला तोच कूलर नुसता दमटपणा वाढवेल. खिडकी बंद ठेवली तर घरातही तेच होतं. म्हणून दमट हवेला वाट हवीच.

हेच तत्त्व पोल्ट्री शेडमध्ये, पॉलिहाऊसमध्ये आणि साखर कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये वापरतात. विटा आणि ओल्या वाळूच्या शीतकक्षात भाजी विजेशिवाय ताजी राहते. मग कांदाचाळीत का नाही? कारण ओलाव्याने कांदा सडतो. त्याला कोरडी, खेळती हवा लागते. हा प्रश्न वर्गात जरूर विचारा, शेतकऱ्यांची मुलं लगेच उत्तर देतील.

करून बघा: दोन तापमापी घ्या. एकीच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळा, दोन्ही पंख्यासमोर ठेवा. मे आणि जुलैमधला फरक मुलांनाच नोंदवू द्या.

काळजी: कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. पाणी भरण्याआधी प्लग काढा. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवंच. लहान मुलांना हात लावू देऊ नका.